जळणाची दुसरी रांग

“एक रांग हाय की दोन गं, हौसा?” आत्याबाईंनी विचारलं.

रोहिणीचे दिवस होते. पाऊस आठ-दहा दिवसांवर आलेला. मी थप्पीत शेवटच्या ढलप्या ठोकून बसवत होते. आमच्या सोप्याच्या आतल्या अंगाला, जिथं भर दुपारीही कंदील लागायचा, तिथं जमिनीपासून पार वाशांपर्यंत मी पावसाळ्याचं जळण रचलं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वर्षामागं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि दिसायचं पार बंद झालं. भिंत चाचपत त्या आल्या, दाराकडच्या टोकाला कोपर टेकवलं आणि कोपरापासून बोटाच्या शेंड्यापर्यंत एकेक हात मोजत पलीकडच्या टोकाला गेल्या. बारा हात भरले. वर हात केला तर वाशाला लागला. पण या रांगेच्या मागं काय आहे ते त्यांना कळणार कसं? दाराकडून मागं शिरायची वाट नाचणीच्या मोठ्या कणगीनं अडवलेली आणि पलीकडं भिंत. म्हणून त्यांनी विचारलं.

अनसूया, माझी धाकटी नणंद, त्याच कणगीत वाकून दळणाला नाचणी काढत होती. तिला आठवा महिना लागला होता. पोटामुळं तिला नीट वाकता येत नव्हतं, तरी “मी काढते, वैनी, तुमचे हात मातीचे हाईत” म्हणून तीच पुढं झालेली.

मी तिच्या पाठीकडं बघितलं आणि म्हटलं, “एकच हाय.”

दोन होत्या. पुढची बारा हात, मागची बारा हात, दोन्ही वाशांना भिडलेल्या. माझ्या डोक्यावरून आलेल्या.

कणगीत माप खळखळत होतं, ते थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

“एकच?” आत्याबाई तिथंच खाली बसल्या. बोटांवर मोजायला लागल्या. “बारा हात. एका हाताला आठ दिस. मिरगापास्नं धरलं तर गौरीपतुर जाईल. त्ये बी आपल्या घरच्या भाकरीला न् कालवणाला. बाळंतिणीचं दोन टायमाचं पाणी, पोराचं येगळं, वर शेक-शेगडी… त्याला दुसरी रांग लागती गं.”

“लागती की,” मी म्हटलं.

“अजून धा-वीस खेपा न्हाई हुयाच्या?”

“कुठनं करू? रानातलं वाळलेलं सरलंय. काल वळवानं झोडपलं, समदं भिजून गेलं. ओलं आणून धूर खायाचा का?” माझा आवाज चढला. चढायलाच पाहिजे होता, खोटं बोलणाऱ्याचा चढतोच.

आमचं गाव कारंबे, कोयनेच्या पाण्याच्या काठावर, डोंगराच्या कुशीत. ज्यांनी तिकडचा पाऊस बघितला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. मृग लागला की चार महिने ऊन म्हणून दिसत नाही. भिंतींना बुरशी, अंथरुणाला ओल, आगपेटीतली काडीसुद्धा कानात फिरवून गरम केल्याशिवाय पेटत नाही. त्या चार महिन्यांत घरात जे कोरडं जळण असेल तेवढंच. मीठ-मिरची कुणीही उसनी देईल, जळण कुणी देत नाही, मागतही नाही. आणि लाकूड म्हणजे लाकूड असंही नसतं. पांगारा भुरकन पेटतो न् भाकरी पलटेपर्यंत राख होतो. जांभूळ धुरानं जीव काढतं. ऐनाचं फाटं मात्र सकाळी चुलीत सारावं आणि दुपारी राख उकरावी, तर खाली निखारा जागा. आत्याबाई नुसत्या वासानं सांगायच्या, आज ऐन लावलंस, आज किंजळ लावलंस. त्यांच्या हिशोबातला हात म्हणजे ऐन-किंजळाचा हात. आठ दिवस म्हणजे आठ दिवस, नवव्याची सकाळ निघणार नाही न् सातव्याला संपणारही नाही.

त्या वर्षी सगळं जळण मी एकटीनं आणलं होतं. माघापासून चैत्र सरेपर्यंत. धनी घाटात रस्त्याच्या गँगवर, पंधरा दिवसांनी एकदा घरी. आत्याबाईंना दिसत नाही. मी पहाटे कोयता घेऊन कड्याखाली जायची, वाळलेलं तोडायची, मोळी बांधायची, चुंबळीवर ठेवून तासभर उतरायची. मान आखडायची, टाळूवरचे केस गेले. तोडताना मी मनाशी म्हणायची, हौसा, यंदाचं हे जळण तुझं. यंदा यातल्या एका ढलपीला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

असं का म्हणत होते, तेही सांगते. नाहीतर तुम्ही मला नुसती दुष्ट समजाल. दुष्ट होतेच, पण नुसती नव्हते.

दोन वर्षांमागं अनसूया पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली होती. पहिलं माहेरीच, रीतच आहे. तिला मुलगा झाला आषाढात. त्याच आषाढात, तिच्या बाळाच्या पाचवीनंतर चारच दिवसांनी, चौथ्या महिन्यात माझं पोट पडलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस राहिले होते. मी आतल्या खोलीत वाकळेवर पडलेली, कंबर मोडून पडल्यासारखी, आणि बाहेर आत्याबाई सुईणीला सांगत होत्या, “हौसाला काय, दणकट हाय. दोन दिसांत उठंल. जळण उतरणीला लागलंय, कढत पाणी बाळंतिणीला ऱ्हाऊ दे.”

उठले मी दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी अनसूयेचं पाणी मीच तापवलं. चुलीशी बसून फुंकत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. विचारलं कुणी तर धुराचं म्हणायला सोय होती. कुणी विचारलं नाही.

आणि ही बया काय करायची? हंडाभर कढत पाणी मी न्हाणीत नेऊन ठेवायची, ही निम्मंच अंगावर घ्यायची आणि निम्मं तसंच टाकून उठायची. बाहेर येऊन वर म्हणायची, “मला न्हाई बाई सोसत एवढं. वैनी, तेवढं वतून टाका.” वतून टाका म्हणे! ज्या लाकडासाठी मला गार पाण्यानं अंग धुवायला लावलं, ते लाकूड हिच्या उष्ट्या पाण्यात गेलं. मी ओतून टाकत नव्हते. दार लोटून घ्यायची, तिथंच बसायची आणि ते उरलेलं पाणी स्वतःच्या कंबरेवर ओढून घ्यायची. तिच्या नावानं दात-ओठ खात. दहा-बारा दिवस तसं चाललं. नंतर कंबर सावरली, पण मनातली अढी गेली नाही. त्यानंतर मला दिवस राहिले नाहीत, कधीच.

म्हणून “एकच” म्हटलं.

दुसरं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे अशी रीत नाही. सासरीही करतात. पण अनसूयेचं सासर धावडवाडीला, पाण्याच्या पलीकडं. त्यांच्या बाजूचं रान धरणात बुडालेलं. तिथल्या बायका कारवीच्या काटक्या न् शेणकुटांवर पावसाळा काढायच्या. घर वाऱ्याच्या तोंडाला, निम्मं गळायचं. सासू भरल्या दिवसांची सून चिखलात उभी करून लावणी करून घेणारी. म्हणून अनसूया आठवा लागताच मुद्दाम लाँचनं आली होती, आईला विचारायला. परवानगीच मागायला म्हणा. मला हे सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं असं आज म्हणता येणार नाही.

आत्याबाई अजून खालीच बसलेल्या होत्या. म्हणाल्या, “आन्से, काय करू सांग. तुला आणायची न् श्रावणात चूल थंड पडायची. तवा तुला तिकडं पोचवायला लाँच बी न्हाई घावायची.”

अनसूया कणगीपासून सरळ झाली. परातीत नाचणी होती. तिनं आधी परात खाली ठेवली. मग पदरानं कपाळ पुसलं. माझ्याकडं बघितलं, नेहमीसारखंच बघितलं, आणि म्हणाली, “आसू दे आये. दुसरंच तर हाय. मी तिकडंच ऱ्हाते. वैनी एकट्या किती करतील?”

“तुझी सासू…”

“सासू काय खातीया व्हय मला? तू नगो काळजी करू.”

मला वाटलं, सुटले. खोटं कशाला बोलू, त्या वेळी बरंच वाटलं. रात्री भाकरी थापताना माझा हात हलका चालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं गाठोडं घेऊन मी लाँचपर्यंत पोचवायला गेले. उतार होता. तिनं माझ्या खांद्याला धरलं होतं. मध्येच थांबून म्हणाली, “वैनी, कंबर दुखती का वो अजून?”

“कसली कंबर?”

“त्या साली धरली व्हती ती.”

“दुखती कवातरी. पावसात.”

“कढत पाण्यानं शेकत जावा. कंटाळा नगा करू. आता जळण हाय घरात.”

मी चमकून तिच्याकडं बघितलं. पण ती खाली वाट बघत होती, पाय सांभाळत. मी म्हटलं, उगाच आपलं मन खातंय. लाँचवाल्यानं हात दिला, ती चढली, पोटावर हात ठेवून कडेच्या फळीवर बसली. लाँच सुटेपर्यंत मी उभी होते. नुसतं ओरडायचं होतं, अन्सा, उतर खाली, दुसरी रांग हाय. तोंडातल्या तोंडात शब्दही जुळवला होता. इंजिन फटफटायला लागलं, आणि मी म्हटलं, पुढच्या खेपेला निरोप धाडू. लाँच बंद पडायला अजून महिना आहे.

तो महिना कसा गेला, ते सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काहीच नाही. रोज चूल पेटवायला जायची, रोज थप्पीसमोर उभी राहायची. पुढच्या रांगेतून एकेक फाटं काढताना मागची रांग हळूहळू उघडी पडायला लागली. आत्याबाईंना सवय, सोमवारच्या सोमवारी जळण हातानं मोजून बघायची. त्यांचा हात मागं लागला तर? पहिल्याच सोमवारी मी म्हटलं, “आत्याबाई, तिकडं जाऊ नगा. ढलप्यांत इंचू निघाला काल. काळा.”

“मारलास का?”

“आत शिरला.”

त्या मागं फिरल्या. पुन्हा थप्पीजवळ गेल्या नाहीत. एका खोट्यावर दुसरं रचलं, तेही जळणासारखंच ठोकून बसवलं.

जेठाच्या शेवटी धनी घरी आले. लाँच अजून चालू होती. जेवताना आत्याबाई म्हणाल्या, “बाजी, आन्सीची काय खबर?” ते म्हणाले, “बरी हाय म्हणत्यात. लावणीला उभी हाय.” आत्याबाईंचा घास हातातच राहिला. मी ताटात कालवण वाढत होते. तेव्हा सांगायचं होतं. त्यांना एवढंच म्हणायचं, जळण पुरतंय, तिला घेऊन या. सकाळच्या लाँचनं जाऊन दुपारच्या लाँचनं ते घेऊन आले असते. मी म्हटलं, उद्या सकाळी सांगते. सकाळी ते उजाडायच्या आधीच घाटात निघून गेले. दोन दिवसांनी पाऊस असा काही कोसळला की समोरचा डोंगर दिसेनासा झाला, पाण्यात वाहून आलेली झाडं फिरायला लागली आणि लाँच बंद पडली.

तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. हे सगळ्यात वाईट. आता सांगूनही उपयोग नाही, असं म्हणून मी हलकी झाले.

खबर आली श्रावणात, दुसऱ्या सोमवारी. लाँच नुकती सुरू झालेली. पलीकडच्या गावचा एक माणूस घोंगडं पांघरून अंगणातच उभा राहिला, आत काही येईना. तेव्हाच मी समजले. मुलगी झाली होती. नवव्या दिवशी अनसूयेच्या अंगात ताप भरला, बाराव्या दिवशी गेली. जाऊन तीन दिवस झाले, लाँच नव्हती म्हणून कळवता आलं नाही. पोर जगलीय.

“घर गळत हुतं,” तो माणूस म्हणाला. “शेकायला बी काय न्हवतं. कारवी पेटंना.”

आत्याबाई रडल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या आणि उजवा हात कोपरापासून पुढं लांब केला, पुन्हा लांब केला, जसं थप्पी मोजताना करायच्या. “बारा हात,” म्हणाल्या. “मी बारा धरलं. धा-बारा खेपा जास्त घालाय लावल्या असत्या पोरीला, तर आणली असती. माझंच मोजायला चुकलं. आंधळीनं मोजलं न् लेक घालवली.”

मी त्यांच्या पायांशी बसले होते. सोप्याच्या आतल्या अंगाला मागची रांग होती, पुरी बारा हात, एक ढलपी न हललेली. पाणी कढत मिळालं असतं तर ती जगली असती का, ते डॉक्टरला ठाऊक. मला एवढंच ठाऊक होतं की ती इथं असती, कोरड्या खोलीत, विस्तवाशेजारी, आईजवळ. आणि म्हातारी माझं पाप स्वतःच्या हातानं मोजून घेत होती, तरी माझी जीभ उचलली नाही.

गौरी जेवून गेल्या, त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचनं अनसूयेचा नवरा आला. निवृत्ती त्याचं नाव, शब्द तोंडातून काढायला लाजणारा माणूस. एका हातात लुगड्यात गुंडाळलेली पोर, दुसऱ्या हातात शेळीची दोरी. मी पुढं होऊन पोर घेतली. वजन म्हणून नव्हतंच. डोळे मिटलेले, कपाळावर अनसूयेसारखाच भोवरा.

निवृत्ती आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवून बसला. खाली बघतच म्हणाला, “मामी, थोरल्याला आम्ही संबाळू. पर हिचं आमच्याच्यानं हुईना. आईचं वय झालंय. आणि… तिनं तसं सांगून ठेवलं व्हतं.”

“काय सांगितलं हुतं?” आत्याबाईंनी विचारलं.

“हितनं माघारी आली त्या दिशीच बोलली. म्हणाली, मला काय झालं तर पोर वैनीकडं न्या. वैनीला लेकरू न्हाई, ती जीव लावंल. आणि म्हणाली, तिथं जळणाची काळजी न्हाई. वैनीनं यंदा जिवाचं रान करून दोन रांगा रचल्यात. वाशाला लागल्यात म्हणाली, मी कणगीमागनं डोळ्यानं बघितल्यात.”

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, तो काय बोलून गेला. कौतुकच सांगत होता माझं.

माझ्या हातातली पोर तेवढीच हलली. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांचा चेहरा दाराकडं होता, पांढरी बुबुळं उजेडाकडं. पापणी हलली नाही. म्हणाल्या, “हौसा, जावयबापूंना भाकरी वाढ. लांबनं आल्यात.”

मी वाढलं. कसं वाढलं ते आठवत नाही. तो जेवला, पोरीच्या कपाळाला हात लावला आणि दुपारच्या लाँचला निघून गेला.

“पाणी ठेव,” आत्याबाई म्हणाल्या. “पोरीला न्हाऊ घालू.”

मी चूल पेटवली. मागच्या रांगेतलं पहिलं फाटं त्या दिवशी काढलं, पुढची आदल्याच दिवशी संपली होती. हंडा तापला. आत्याबाई न्हाणीत पाटावर बसल्या, लुगडं गुडघ्यांवर घेतलं, पाय लांब केले आणि हात पसरले. मी पोर त्यांच्या नडग्यांवर पालथी घातली. दिसत नसलं तरी त्यांचे हात बरोबर चालत होते. मान सावरली, पाठीला तेल चोळलं.

“वत.”

मी तांब्यानं धार धरली. पोर आधी किंचाळली, मग उबेनं गप्प झाली.

“आन्सी दहा तांब्यांत उठायची,” आत्याबाई म्हणाल्या.

मी थांबले.

“वत की, थांबू नगो. पयल्या बाळंतपणाला. हंड्यात ईस-बावीस तांबं पाणी आसायचं. मी हितं भाईर बसून ऐकायची. दहा झालं की हिचा तांब्या थांबायचा. दुसऱ्या दिशी मी इचारलं, गं, निम्मं पाणी का ठेवतीस? म्हणाली, आये, तू वैनीला देऊ देत न्हाईस म्हणून. माझं माझ्या वाटणीचं हाय, त्येचं मी काय बी करीन. वैनीला सांगू नगो, त्या मानी हाईत, उपकाराचं पाणी अंगावर घ्यायच्या न्हाईत. वतून टाका म्हणलं तर न्हातील तरी.”

माझ्या हातातून तांब्या सुटला. दगडावर आपटला, पोर दचकली. आत्याबाईंनी तिला छातीशी धरलं.

“तवा चुकी माझी हुती,” त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता. “तू बी बाळंतीणच हुतीस. पोर न्हवतं हातात म्हणून मला दिसलं न्हाई. डोळं हुतं तवा दिसलं न्हाई. आन्सीला दिसलं.”

मी न्हाणीच्या ओल्या जमिनीवर बसले. आई गं! कसलं मेलं जळण आणि कसलं माझं मन. ज्या पाण्यासाठी मी तिला दोन वर्षं शिव्या घातल्या, ते तिनं मला घातलेलं होतं. आणि कणगीमागं उभं राहून तिनं दोन्ही रांगा बघितल्या, माझं “एकच” ऐकलं, आणि आईसमोर माझं नाव न घेता निघून गेली. कंबर शेकत जावा म्हणून सांगून गेली.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “मी…”

त्यांनी पोर उताणी केली, कपाळावरचं पाणी अंगठ्यानं निथळलं. मग अगदी त्याच आवाजात, जसं रोहिणीत विचारलं होतं तसंच, विचारलं,

“एक रांग हाय की दोन गं, हौसा?”

“दोन,” मी म्हटलं. “दोन हुत्या, आत्याबाई. मागची पुरी हाय.”

त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता शिवी येईल, तळतळाट येईल. तो पोटभर यावा असंच मला वाटत होतं. त्या हात मोजत होत्या.

“बारा हात,” म्हणाल्या. “लेकराचं पाणी धरून हाताला पाच दिस. म्हंजे कार्तिकापतुर.” त्यांनी पोरीला कोरड्या फडक्यात गुंडाळलं आणि माझ्याकडं धरलं. “पुरंल हिला.”

पुरलं. दिवाळीची पहिली आंघोळ झाली तरी तीन हात शिल्लक होते. पोरीचं नाव सगुणा ठेवलं. तिनं मला आईच म्हटलं, अजून म्हणते. आता तिच्या घरी गॅस आहे, नळाला कढत पाणी येतं. मी गेले की ती मला आधी आंघोळीला बसवते, पाणी सोडते आणि म्हणते, आई, कंबर शेकून घे. मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

आत्याबाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. त्या गोष्टीचा एक शब्द त्यांनी कधी कुणाजवळ काढला नाही, धन्यांजवळही नाही. गावात कुणी विचारलं तर म्हणायच्या, माझं मोजायला चुकलं. दरवर्षी रोहिणीत मी जळण रचायला लागले की त्या येऊन उंबऱ्यात बसायच्या, सगुणाला मांडीवर घेऊन. आत येऊन थप्पीला कधी हात लावला नाही. किती रांगा, हेही पुन्हा कधी विचारलं नाही.

शेवटची ढलपी बसवली की मीच हात झटकून त्यांच्यासमोर उभी राहायची आणि न विचारता सांगायची, “आत्याबाई, दोन रांगा झाल्या.”

त्या म्हणायच्या, “बरं.”